कपडे ऐच्छिक असलेल्या शिडाच्या जहाजावर जावं का? लातूरच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लातूरच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. यजमान प्राध्यापक होते, आता निवृत्त, आणि त्यांना रक्तदाब आहे. त्यांच्या हॉलंडमधल्या जुन्या मित्राने आणि त्याच्या बायकोने तुम्हा दोघांना पुढच्या जुलैमध्ये क्रोएशियाच्या किनाऱ्याने आठवडाभराच्या सफरीला बोलावलंय. जहाज चार डोलकाठ्यांचं, शिडांवर चालणारं. त्या आठवड्यात जहाजावर कपडे घालणं ऐच्छिक आहे. जहाजाची ओढ तुम्हा दोघांनाही आहे, पण या एका गोष्टीने तुमची झोप उडालीय. तुम्ही विचारलंय: कपडे काढावेच लागतात का? तिथे काही वंगाळ चालतं का? ऑपरेशनचे व्रण असलेलं पोट घेऊन वावरायचं कसं? कायदा काय म्हणतो? आणि लोक काय म्हणतील?

मी गंगाखेडचा. पोहायला गोदावरीत शिकलो, पुढे व्यापारी जहाजांवर खलाशी झालो आणि नंतर बरीच वर्षं प्रवासी नेणाऱ्या शिडाच्या जहाजांवर काम केलं. शेवटी बोसन होतो, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. तुम्ही म्हणता तशा सफरींसाठी अख्खं जहाज भाड्याने घेतलं जातं. अशा काही सफरींवर मी कामाला होतो, त्यामुळे जे सांगतोय ते डेकवरून पाहिलेलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही सफर निवडायची तर जहाजासाठी निवडा, आणि नाकारायची तरी जहाजाच्याच कारणाने नाकारा. कपड्यांचं दडपण बहुतेकांच्या मनातून पहिल्या दुसऱ्या दिवशी उतरतं. हलणारी जमीन, वारा, ऊन आणि अरुंद खोली मात्र आठही दिवस सोबत असते.

आता पहिला प्रश्न. काढावे लागत नाहीत. ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक. पूर्ण कपड्यांत फिरणारे, फक्त पोहण्याच्या पोशाखात असणारे, लुंगीसारखं कापड गुंडाळून बसणारे आणि काहीच न घालणारे, असे सगळे एकाच डेकवर असतात. बऱ्याच जोड्यांमध्ये एकजण कपड्यांत असतो, एक नसतो. सलवार-कमीजमध्ये आठवडा काढलात तरी कुणी टोकणार नाही. फक्त एक गोष्ट आयोजकांना लेखी विचारून घ्या. युरोपातल्या काही निसर्गवादी, म्हणजे विवस्त्र राहणं मानणाऱ्यांच्या, ठिकाणी तलावात आणि वाफेच्या खोलीत उलटा नियम असतो, तिथे कपडे घालून उतरता येत नाही. जहाजावरच्या छोट्या तलावाला तसा नियम आहे का, ते आधीच माहीत असलेलं बरं.

उलट, कुठे कपडे घालावेच लागतात याचे नियम जास्त कडक असतात. बंदरात जहाज धक्क्याला लागलेलं असताना किंवा किनाऱ्याजवळ नांगरलेलं असताना सगळे कपड्यांत असतात. जहाज बंदरातून बाहेर पडून पुरेसं दूर गेलं की कॅप्टन तसं जाहीर करतो आणि त्यानंतरच मुभा सुरू होते. बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा माणूस, शिडीवरून चढतो तेव्हाही अंगावर कपडे हवेत. रात्रीच्या जेवणाला भोजनगृहात कपडे घालूनच यायचं, हा नियम मी सगळीकडे पाहिला. खुर्ची असो वा बाक, बसताना खाली स्वतःचा टॉवेल टाकायचाच. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण त्या लोकांत टॉवेल विसरणं हा मोठा असभ्यपणा समजतात. खलाशी आणि वाढपी पूर्ण गणवेशात असतात. त्यांत फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि आपल्या गोव्याकडची पुष्कळ मुलं असतात. कामावर नजर चेहऱ्यावर आणि दोरांवर ठेवायची, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं आणि ती ते पाळतात.

वंगाळपणाचं. इथे तुमची शंका अगदीच अनाठायी नाही, म्हणून नीट सांगतो. दोन वेगळ्या प्रकारच्या सफरी असतात. एक निसर्गवाद्यांची. ही जुनी चळवळ आहे. जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मोकळ्या हवेत, उन्हात, पाण्यात विवस्त्र राहणं हा आरोग्याचा भाग मानणारी मंडळी आहेत. आजी-आजोबा, आईबाप, मुलं असे कुटुंबच्या कुटुंब तिकडे जातात. क्रोएशियाचा किनारा त्यांच्या माहेरासारखा आहे. राब बेटावर १९३६ साली इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड असाच पोहला होता, ही गोष्ट तिथले लोक अजून कौतुकाने सांगतात. इस्त्रियात व्र्सारजवळ कोव्हेर्सादा हे मोठं निसर्गवादी विश्रामस्थळ १९६१ साली सुरू झालं, ते साम्यवादी युगोस्लाव्हियाच्या काळात. या लोकांच्या सफरीत लैंगिक चाळ्यांना अजिबात जागा नसते. कुणी मर्यादा सोडली तर पुढच्या बंदरात सामानासकट उतरवतात.

दुसरा प्रकार जोडीदारांची अदलाबदल करणाऱ्यांचा. तोही उघडपणे चालतो, पण त्याच्या जाहिरातीत ‘लाइफस्टाइल’ हा शब्द असतो, फक्त जोडप्यांनाच प्रवेश असतो, रात्रीच्या पार्ट्यांवर भर असतो आणि काही वेळा खास खोल्यांचा उल्लेख असतो. तुमच्या मित्राने पाठवलेलं पत्रक पुन्हा एकदा या नजरेने वाचा. एकट्या माणसांना प्रवेश आहे का, वर्तनाचे नियम छापलेत का, ते पाहा. नियम छापलेले नसतील तर मी तुम्हाला जा म्हणणार नाही.

आता तुमच्या पोटावरच्या व्रणांबद्दल. तुमच्या पत्रातलं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ताई, अशा सफरींवर तरुण, घोटीव शरीरं शोधावी लागतात. बहुतेक प्रवासी पन्नाशी-साठीच्या पुढचे असतात. गुडघे बदललेले, हृदयाच्या शस्त्रक्रियेची छातीभर उभी रेघ असलेले, स्तनाच्या कर्करोगानंतर एक बाजू सपाट झालेल्या बायका, पोटाला पिशवी लावलेले लोक. ते सगळं डेकवर उघडं असतं आणि कुणी त्याकडे वळून पाहत नाही. कर्करोगातून उठलेल्या एका जर्मन बाई पहिले दोन दिवस डेकवर मोठ्या शालीत बसलेल्या मी पाहिल्यात. तिसऱ्या दिवशी शाल खुर्चीवर ठेवून त्या कठड्यापाशी गेल्या आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांच्या यजमानांनी त्यांना शाल नेऊन दिली नाही, की काही बोललेही नाहीत. आपल्या गावाकडच्या बायांना आपलं शरीर स्वतःच धड पाहायला मिळत नाही. ज्या घरात न्हाणीला दार म्हणून गोणपाट होतं, त्या घरातून मी आलोय. म्हणून व्रण झाकायचे की नाही, हे तिथे गेल्यावर तुमचं तुम्हाला ठरवू द्या. आज लातुरात बसून ठरवायची गरज नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, ती यजमानांनाही वाचून दाखवा. ऐच्छिक हा नियम नवरा-बायकोच्या मध्येही पाळायचा असतो. ‘एवढे पैसे भरले, आता काय लाजायलीस’ असं एकदा जरी तोंडातून गेलं तरी सफर खराब होते. अशी भांडणं मी केबिनच्या दारातून ऐकली आहेत, आणि ती कपड्यांवरून कधीच नसतात. आधीच ठरवून टाका की जो कपड्यांत राहील त्याला दुसऱ्याने एका शब्दानेही विचारायचं नाही.

वेरूळच्या जैन लेण्यांचा आणि कुंथलगिरीचा दाखला देऊन ‘आपल्यातही हे आहेच’ म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. दिगंबर मुनींचं वस्त्र सोडणं हा सगळ्या परिग्रहाचा, म्हणजे जवळ बाळगलेल्या सगळ्याचा, त्याग आहे, त्यामागे आयुष्यभराचं तप असतं. ही सुट्टी आहे. सुट्टी म्हणून ती चांगली असू शकते, तिला धर्माचा टेकू लावायची गरज नाही.

आता जहाज, कारण खरी सफर ती आहे. तुमच्या पत्रावरून जहाज सुमारे ११५ मीटर लांबीचं, पुढच्या डोलकाठीवर आडवी चौकोनी शिडं आणि मागच्या तिन्हींवर उभी शिडं असलेलं दिसतं. एकूण १६ शिडं. याच कुळातलं आणखी मोठं जहाज रॉयल क्लिपर. ते २००० साली प्रवाशांसाठी आलं. त्याला पाच डोलकाठ्या, ४२ शिडं, लांबी १३४ मीटर, आणि त्यात २२७ प्रवासी मावतात. १९०२ साली जर्मनीत बांधलेल्या प्रॉइसेन या पाच डोलकाठ्यांच्या मालवाहू जहाजावरून त्याची कल्पना घेतली. प्रॉइसेन चिलीहून खतासाठी सोरा आणायचं आणि १९१० साली इंग्लिश खाडीत एका आगबोटीशी टक्कर होऊन निकामी झालं. आजच्या जहाजांना इंजिन आहे, वातानुकूलित खोल्या आहेत, पण शिडं शोभेची नाहीत. वारा मिळाला की इंजिन बंद होतं. तो क्षण ऐकण्यासारखा असतो. आधी पायाखालची थरथर थांबते, मग पाण्याचा आवाज वर येतो, दोर ताणले जातात आणि सगळं जहाज एका बाजूला चार-पाच अंश कलतं. तेवढाच कल राहावा म्हणून आत पाण्याच्या टाक्या असतात, तरी चहाचा कप भरून घेऊ नका.

जुलैमध्ये तिथे माएस्त्राल वाहतो. उन्हाने जमीन तापली की सकाळी उशिरा समुद्रावरून वायव्येचा हा वारा सुरू होतो, दुपारी भरात येतो आणि सूर्य मावळला की पडतो. उघडं आभाळ, बेताच्या लाटा, शिडांना हवा तसा वारा. निसर्गवाद्यांना हा किनारा का आवडतो, त्याचं अर्धं उत्तर या वाऱ्यात आहे. दुसरा वारा युगो, आग्नेयेचा. तो ढग, दमटपणा आणि लांब लाटा आणतो. त्या दिवशी पोट ढवळतं. तिसरा बुरा. वेलेबितच्या डोंगरावरून थंड हवा समुद्रावर अक्षरशः कोसळते. तो मुख्यतः हिवाळ्यातला, पण उन्हाळ्यातही वादळामागून अचानक येऊ शकतो. बुराची चाहूल लागली की कॅप्टन शिडं उतरवून आडोसा गाठतो, आणि अर्ध्या तासात अख्ख्या डेकवर जाकिटं आणि लोकरी टोप्या दिसतात. महिन्याची निवड तुमच्या हातात असेल तर जून किंवा सप्टेंबर घ्या. बंदरात गर्दी कमी, ऊन सौम्य. सप्टेंबरात पाणीही उबदार असतं.

काही जण क्रोएशियाऐवजी अमेरिकेतल्या मेन राज्यात, कॅम्डेन आणि रॉकलंडहून निघणाऱ्या दोन डोलकाठ्यांच्या स्कूनर जातीच्या शिडाच्या जहाजांवर जातात. १८७१ साली बांधलेली लुईस आर. फ्रेंच आणि स्टीफन टेबर अजून तिथे प्रवासी नेतात. लाकडाची, देखणी, मोजक्या प्रवाशांची. पण तिथलं पाणी ऑगस्टमध्येही अंगात शिरशिरी आणतं आणि धुकं कधीही उतरतं. तिकडे कुणी कपडे काढलेच तर पोहण्यापुरते.

ऊन. आपण मराठवाड्याचे, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत वाढलेले, म्हणून आपल्याला उन्हाची भीती वाटत नाही. पण शेतात राबणारा माणूस डोक्याला रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून राबतो, हे विसरू नका. समुद्रावर वारा अंग गार ठेवतो, त्यामुळे चटका बसलेला कळतच नाही. शिवाय पाण्यावरून आणि पांढऱ्या शिडांवरून ऊन उलटून येतं. ज्या कातडीने जन्मात ऊन पाहिलं नाही, ती पहिल्या दिवशी तासाभरात भाजते. सावळ्या रंगाने थोडं संरक्षण मिळतं, पूर्ण नाही. पन्नास एसपीएफचं मलम जाड थरात लावा, दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा. पहिल्या दिवशी अर्धा तास, तोही सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. पायाच्या वरच्या बाजू, कानांच्या पाळ्या आणि गुडघ्यांच्या मागचा भाग लोक विसरतात. मी औषधाच्या खोलीत पोचवलेले बहुतेक प्रवासी उन्हाचे होते, समुद्राचे नव्हते.

दोर ओढायला प्रवाशांना बोलावतात. जरूर जा, त्यासारखा आनंद नाही. पण तिथे कपडे आणि बंद बूट घालूनच. ताणलेला दोर हातातून सरकला तर तळवा सोलून काढतो, उघड्या पोटावर किंवा मांडीवर घासला तर काय होईल ते सांगायला नको. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही आणि डेकवर पडलेल्या दोराच्या वेढ्यात पाय ठेवायचा नाही. हवा शांत असेल तर पट्टा बांधून डोलकाठीवरच्या पहिल्या मचाणापर्यंत चढू देतात. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, पुढे पाण्यावर जाळं ताणलेलं असतं, त्यात पडून खाली पाणी कापत जाणारं जहाज पाहता येतं. कधी कधी डॉल्फिन येतात. त्या जाळ्यात जाड कापडाची विजार घाला, सुतळीचे वळ दोन दिवस जात नाहीत.

मळमळीसाठी गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि ती जहाज सुटायच्या आधी घ्यायची, ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. खोली जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मागा. तिथे हलणं कमी जाणवतं आणि भाडंही कमी असतं. गोडं पाणी जहाजावर समुद्रातूनच तयार करतात, त्यामुळे जपून वापरावं लागतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेल्या लातूरकराला हे शिकवायला नको. शाकाहारी जेवण मिळतं, पण तिखटाची आठवण येते. शेंगदाण्याची चटणी न्या. दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून युरोपात नेता येत नाहीत, तेव्हा तुपातले लाडू घरी ठेवा.

कायदा. जहाजावर ज्या देशाचा झेंडा असतो त्याचा कायदा चालतो, आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत त्या किनाऱ्याच्या देशाचाही. क्रोएशियात निसर्गवादी किनारे अधिकृत आहेत आणि तिथे एफकेके (विवस्त्र राहण्याच्या चळवळीच्या जर्मन नावाची आद्याक्षरं) अशी पाटी असते. त्या पाटीबाहेर, गावात किंवा धक्क्यावर कपड्यांतच राहायचं. भारतात मात्र सार्वजनिक जागी अश्लील वर्तन हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली गुन्हा आहे आणि गोव्याच्या किनाऱ्यालाही त्यातून सूट नाही. तेव्हा आवडलं म्हणून इकडे येऊन तसा प्रयोग कुणी करू नये.

फोटोंबद्दल मात्र जागरूक राहा. चांगल्या सफरीत डेकवर मोबाइल बाहेर काढायला बंदी असते किंवा मोजक्या जागीच परवानगी असते. संमतीशिवाय कुणाच्या खाजगी अंगांचा फोटो काढणं किंवा पसरवणं हा आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तुमचा फोटो कुणी काढताना दिसला तर संकोच न करता जवळच्या खलाशाला सांगा. असा फोटो आम्ही तिथल्या तिथे, काढणाऱ्याच्याच हाताने पुसायला लावायचो.

लोक काय म्हणतील? माझी आई फोनवर विचारायची, ‘तिथं काय काम करायलास रे?’ मी सांगायचो, शिडं बांधतो. ते खरंच होतं. तुम्हीही ‘शिडाच्या जहाजावर गेलो होतो’ एवढं सांगा. खोटं त्यात काही नाही आणि गल्लीला याहून जास्त हिशेब द्यायचं कारण नाही. मुलांना मात्र पूर्ण सांगून जा, असं मला वाटतं. परदेशात काही झालं तर पहिला फोन त्यांनाच जाणार आहे. जहाज कुठलं आहे आणि सफर कसली आहे, हे त्यांना दुसऱ्याकडून कळू नये.

व्हिसाचं आताच मनावर घ्या. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे. जहाज मध्येच माँटेनेग्रोत कोतोरला जाणार असेल तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता, म्हणून एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्या विम्यात शिडाच्या जहाजावरची सफर आणि यजमानांचा रक्तदाब, दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल तर त्यांच्या येण्याला जहाजाची हरकत नसेल. डोलकाठीवर चढू द्यायचं की नाही, ते मात्र तिथला बोसन त्या दिवशीचा वारा आणि त्यांचा चेहरा पाहून ठरवेल, त्याचं ऐकायला सांगा.